दाताखालचा दोरा

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

बेअरिंगच्या व्यापाऱ्याकडून दर नव्या सालाला डायरी येते. ती आमचा पोरगा नागेश घ्यायचा. यंदाही पाकिटावर नाव त्याचंच. कुरियरवाला म्हणाला, नागेश मारकड कोण, सही पाहिजे. सही मी केली. बायकोला, गोजरबाईला म्हटलं, व्यापाऱ्याला फोन करून नाव बदलायला सांगतो. ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या, त्याच्या नावानं येऊ द्या काहीतरी. मग कोरी ठेवण्यापेक्षा म्हटलं आपणच लिहू.

तर लिहितो. निमगाव केतकीत इंदापूर रस्त्याला माझं मोटरी भरायचं, म्हणजे जळक्या मोटरीत नवी तार गुंडाळायचं दुकान आहे, मागंच घर. वडील मेंढरं राखायचे. मी सातवीला शाळा सोडली, इंदापुरात एका मिस्त्रीच्या हाताखाली राहिलो आणि पुढं स्वतःचं शटर टाकलं. लोक म्हणतात, सिद्धूआबाचा कान चांगला. लहानपणी कळपात कुठली मेंढी खोकली ते मागं न बघता सांगायचो, तोच कान पुढं बेअरिंगला लावला, एवढंच. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरीला टेकवायचं आणि मूठ कानाला. काय दुखतंय ते मोटर स्वतःच सांगते.

आज बारामतीच्या कागद मिलमधून दादासाहेबांचा फोन आला. मिलचा सगळा कारभार तेच बघतात. पाडव्याच्या आत मोटर चालू करून द्या म्हणाले. ही मोटर बॉयलरचा धूर ओढणाऱ्या मोठ्या पंख्याची. पंखा थांबला की बॉयलर थांबतो, बॉयलर थांबला की सगळा कागद तुटतो. म्हणून त्यांना न थांबणारी मोटर हवी. नागेशनं त्यांना शब्द दिला होता की तीनऐवजी पाच फेजची मोटर करू आणि ती चालवायला ड्राइव्ह, म्हणजे तिची वीज वळवणारी पेटी, तीही नवी, आपल्या हातची करू. मोटर आम्ही बापलेकांनी दुकानात भरली. ड्राइव्ह तो आणि आमची सून मनिषा मिळून करत होते. दोघं कॉलेजात एकाच वर्गातले.

मागच्या फेब्रुवारीत ड्राइव्हचं सामान आणायला तो पुण्याला गेला. दिवेलागणीला बारामतीवरून परत येताना अंथुर्ण्याच्या अलीकडं उसाची ट्रॉली रस्त्यात उभी होती. मागं ना दिवा, ना चकाकणारी पट्टी. पुढचं लिहीत नाही.

राहिलेलं काम मनिषानं एकटीनं केलं. चाकणच्या एका कंपनीनं तिला नोकरी दिली आहे. मोटर मिलच्या ताब्यात दिली की ती जाणार. तसं तिनं आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. आम्ही बरं म्हणालो. तिसावं लागायचंय पोरीला. अडवायला आम्ही कोण.


९ जानेवारी, गुरुवार

ड्राइव्ह तयार झाला. गोदरेजच्या कपाटाएवढी पेटी. मनिषानं मला समजेल असं सांगितलं. जुना ड्राइव्ह विजेला घणानं ठोकून वळवतो. चालू, बंद, चालू, बंद. म्हणून मोटर किंचाळते आणि त्या घावांनी आतल्या तारेवरचं वार्निश तडकतं. हा तसा नाही. हा विजेच्या लहान लहान पायऱ्या रचतो आणि मोटर त्यावरून चढते-उतरते. त्याला मल्टिलेव्हल इन्व्हर्टर म्हणतात. मी आपला जिना म्हणतो.

शेजारचा रतन जळका पंप घेऊन बसला होता. म्हणे मोटर आपोआप जळली. म्हटलं, रतनराव, आपोआप फक्त केस पिकतात. तेवढ्यात मनिषा म्हणाली, मामा, बघा. मी म्हटलं, चालू कर की मग. ती म्हणाली, केव्हाची चालू आहे.

हात ठेवला तेव्हा कळलं. एवढं धूड फिरतंय आणि घरात मांजर फिरावं तेवढाही आवाज नाही. रतन म्हणाला, आता आबाचं दुकान बंद, कान काय लावणार. हसलो. पण बरं वाटलं नाही.

स्क्रू ड्रायव्हर लावला. बेअरिंग दोन्हीकडची साफ. आणि त्याच्या खाली, पार खाली, गुणगुण.

मोटर भरून झाली की कॉइलांच्या टोकांना दोऱ्यानं आवळून बांधावं लागतं. ह्या मोटरीचं ते सगळं बांधकाम नागेशच्या हातचं. बांधताना तो दोऱ्याचं टोक दाताखाली धरायचा आणि मिटल्या तोंडानं गुणगुणायचा. गाणं कुठलं ते कधी कळलं नाही, कारण तोंड उघडायचाच नाही. मी म्हणायचो, अरे एकदा दोरा सोड आणि म्हण तरी.

मनिषाला सांगितलं, आतून हम येतोय. तिनं मीटर लावलं, लॅपटॉपवर रेघा बघितल्या, बराच वेळ बघितल्या. म्हणाली, काही नाही, मामा.


१० जानेवारी, शुक्रवार

जेवताना गोजरबाईनं विचारलं, "आज काय म्हणाला?"

म्हटलं, कोण?

"आवाज वो. दुसरं कोण." आणि भाकरी वाढली.

मी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. रतननं सांगितलं असेल.


१२ जानेवारी, रविवार

दुकान बंद होतं. हिशेबाच्या कामाला गेलो होतो. मोटरीला करंट नाही, पेटीचा मेन खटका खाली. सहज ड्रायव्हर लावला.

बंद मोटरीतून आवाज येत नसतो. हे मी हाताखालच्या सगळ्या मिस्त्र्यांना शिकवत आलोय.

हिशेब न करताच घरी आलो.


१९ जानेवारी, रविवार

आज मनिषावर रागावलो. कधी रागावत नाही.

तिला मला एक दाखवायचं होतं. मोटर भार घेऊन चालू होती. तिनं पाचातल्या एका फेजचा खटका खाली पाडला. मी दोन पावलं मागं सरकलो, कारण उभ्या जन्मात एकच बघत आलोय. एक फेज गेला की मोटर घुमते, मग तापते, मग जळते. अर्ध्या तालुक्याच्या विहिरींवर हेच होतं आणि त्यावर माझं घर उभं राहिलं. ही घुमली नाही. थोडी दबली आणि चालत राहिली.

मनिषाचा चेहरा असा उजळलेला मी वर्षात बघितला नाही. म्हणाली, "बघा मामा. एक गेली तर उरलेल्या चौघी भार वाटून घेतात. ड्राइव्हच ठरवतो कुणी किती घ्यायचा. नागेशचं गणित हाय हे, मी नुसतं बसवलं."

मी म्हटलं, "थांबायला पायजे हुती."

"मामा, न थांबावी म्हणून तर केलीय."

"एक गेल्यावर पण चालती, ती कसली मोटर. जरा तरी थांबावं."

तिनं खटका वर केला. लॅपटॉप मिटून घरात गेली.

कशाला रागावलो कळलं नाही. सकाळी भजी खाल्ली होती, पित्त झालं असेल. संध्याकाळी तिच्यासाठी बाजारातून पेरू आणले. तिनं कापून तिखट-मीठ लावून आम्हालाच दिले.


४ फेब्रुवारी, मंगळवार

मधले दिवस मोटरीतच गेले. घाई करून चालत नाही. बेअरिंग नवी होती, तरी पुन्हा बदलली. मग रंग पसंत पडला नाही, तो खरवडून परत दिला. मिलमधून दोनदा विचारणा झाली. सांगितलं, काम पक्कं करून देतो.

आज मिलचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर अविराज ड्राइव्ह समजून घ्यायला आला. पोरगा नम्र आहे. आल्या आल्या मला वाकून नमस्कार केला, मग मनिषाबरोबर लॅपटॉपपुढं बसला. मी पलीकडं पंपाचं काम करत होतो. काहीतरी बोलणं झालं आणि मनिषा हसली. मोठ्यानं. गोजरबाई घरातून बाहेर आली बघायला. वर्षानं ऐकलं आम्ही ते.

त्याच दुपारी मला मोटरीत काहीतरी घासल्यासारखं ऐकू आलं. म्हटलं, असं पाठवता येणार नाही, उघडावी लागेल. अविराज मनिषाकडं बघायला लागला. मनिषा म्हणाली, मामा म्हणतात तर उघडू.

उघडली. काही नव्हतं. पण नागेशच्या हातचं बांधकाम दिसलं. एकसारख्या गाठी, मशीननं मारल्यासारख्या. त्यावरून बोट फिरवलं. आता परत बसवायला, मापात आणायला आठवडा तरी जाईल.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

वर्षश्राद्ध झालं. नरसिंहपूरला, भीमा-नीरेच्या संगमावर. वारा होता, गुरुजींच्या पळीतलं पाणी उडत होतं. मनिषा पाण्यात पाय सोडून लांब बसली होती. सांगवीहून तिचे आईवडील आले होते. तिच्या वडलांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, पाडव्यापर्यंत होईल ना, आबा? पोरीचं चाकणचं थांबलंय. म्हटलं, होईल की.

परत येताना पिकअपमध्ये गोजरबाई म्हणाली, "मिलात बसवल्यावर तुमाला रोज जाता यील का तितं?"

म्हटलं, रोज कशाला?




२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मोटर मिलमध्ये बसली. आजची चाचणी फसली, ते लिहितो.

दादासाहेब, अविराज, मिलचे दोन-तीन फिटर, सगळे जमले होते. नारळ फोडला. मनिषानं पेटी सुरू केली, पंखा फिरला, पण उलटा. ती म्हणाली, काही नाही, दिशा पेटीतूनच बदलते, थांबा, आणि पंखा थांबवून लॅपटॉपकडं गेली.

आता मोटर उलटी फिरली की मोटरवाला काय करतो? दोन वायरी काढतो, एकमेकींच्या जागी लावतो, झालं. हात आपोआप चालतो. मनिषाची पाठ होती. मी मोटरीवरचा जोडणीचा डबा उघडला, तिसरी आणि चौथी वायर बदलली, डबा लावला, अविराजला खूण केली. त्याला वाटलं मनिषानंच सांगितलंय. त्यानं बटण दाबलं.

मोटर उठली नाही. जागच्या जागी थरथरायला लागली, पाया हादरला आणि आतून आवाज आला. फिटर लोक मागं सरले. दादासाहेबांनी कानावर हात ठेवले. तो आवाज मिलमधल्या सगळ्यांनी ऐकला, म्हणजे मला एकट्याला झालेला भास नव्हे. मिटल्या तोंडातून यावा तसा, वर चढणारा, मध्येच तुटणारा, परत धरणारा. दुकानात बारीक ऐकलेलं आज कुणीतरी माझ्या कानाशी बसून मोठ्यानं गुणगुणावं तसं. पेटीनं स्वतःच सगळं बंद केलं तेव्हा मला कळलं की मी मोटरीवर दोन्ही हात ठेवून उभा आहे.

मनिषानं डबा उघडला. बघितलं. वायरी जागेवर केल्या आणि दादासाहेबांना म्हणाली, जोडणीत चूक राहिली, परत कधी करू ते कळवते.

येताना गाडीत म्हणाली, "मामा, हिला दोन वायरी बदलून चालत न्हाय. तीन फेजच्या मोटरीत दोघांची अदलाबदल केली की फेरा उलटा होतो. हितं पाच हायत. पाच जणी फेर धरून नाचतायत आणि मधल्या दोघींनी जागा बदलली, तर फेर उलटा होत न्हाय. नुसती वडावडी. जास्त चाललं तर आतली तार जळंल."

म्हटलं, चुकलं पोरी, हाताची सवय. ती म्हणाली, कुणाकडनंही झालं असतं.

मी विचारलं, तो आवाज कसा वाटला तुला?

ती बाहेर बघत होती. अंथुर्णं आलं होतं. तिथं आम्ही दोघंही कधी बोलत नाही.


२५ फेब्रुवारी, मंगळवार

गोजरबाईला चाचणीचं सगळं सांगितलं. वायरी कशा बदलल्या तेही. तिनं दोनदा विचारून घेतलं, कुठल्या दोन.


६ मार्च, गुरुवार

गुरुवारी मिल बंद असते. मनिषा कालपासून माहेरी, बारामतीजवळच्या सांगवीला आहे. दुपारी जेवून मी पिकअप काढली. गोजरबाईनं कुठं ते विचारलं नाही, नुसती दारापर्यंत आली. वॉचमन ओळखीचा. म्हटलं, एक टेस्ट राहिलीय.

बंद मिलमध्ये आपल्या चपलांचा आवाज आपल्यालाच मोठा वाटतो. पत्र्यातून उन्हाच्या तिरिपी पडल्या होत्या. पेटी हळू चालीवर ठेवलेली होती. त्या चालीत ती एकदम बंद पडत नाही, हे मला मनिषाकडूनच माहीत होतं. डबा उघडला. तिसरी आणि चौथी बदलली. सवय म्हणून नाही, टेस्ट म्हणून. दोषाचा आवाज एकदा नीट ऐकून ठेवला तर पुढं ओळखता येतो. डॉक्टर नाही का छातीला नळी लावत, तसं.

बटण दाबलं आणि मोटरीला पाठ लावून पायावर बसलो. ड्रायव्हरची गरजच नव्हती. पाठीतून येत होतं.

आज मला चाल समजेल असं वाटत होतं. गाण्याची चाल. आणखी थोडं चाललं तर समजेल. बालपणी नागेश मेंढरांच्या पाठी आजोबांबरोबर जायचा, ती कुठली तरी हाळी त्यात होती का? का शाळेतलं काही? ऐकत राहिलो. लोखंड कोमट होतं, मग गरम लागायला लागलं.

मग वास आला. वार्निशला ऊब लागली की आधी गोडसर वास येतो, मग तिखट होतो आणि तिखटानंतर मोटर वाचत नाही. हा वास माझ्याएवढा कुणाला कळत असेल? गोडसर होता तेव्हाच मला कळलं. मी उठलो नाही. हे मी लिहितोय, कारण न लिहिलं तर टेस्टची नोंद अर्धी राहील.

मनिषा कधी आली कळलं नाही. गोजरबाईनं तिला सांगवीला फोन केला होता म्हणे. तिनं लाल बटण दाबलं. पंखा फिरतच नव्हता, त्यामुळं सगळं एकदम शांत झालं.

ती ओरडली नाही. म्हणाली, "मामा, दोरा जळंल. त्याच्या हातचा तेवढाच राहिलाय."

मग आम्ही दोघांनी मिळून झाकण काढलं. टोकाचा दोरा एका बाजूला किंचित तांबूस झालाय. बाकी सगळं जागेवर. तार तपासायचं मेगर मीटर लावून बघितलं, तार चांगली आहे. तिनं वायरी परत लावल्या, प्रत्येकीला रंगीत चिकटपट्टी गुंडाळली आणि डब्याला शिक्का मारला. शिक्का तोडल्याशिवाय आता तो उघडत नाही.

नंतर ती माझ्याशेजारी पायावर बसली. मोटर थंड होईपर्यंत बसलो होतो.

टेस्ट पूर्ण.


७ मार्च, शुक्रवार

गोजरबाईला विचारलं, फोन का केलास? आधी कबूलच होईना. मग म्हणाली, "मलाबी यायचं हुतं. तुमी न्हेलं न्हाय."


२८ मार्च, शुक्रवार

आज मोटर मिलनं ताब्यात घेतली.

चालू मिलमध्ये चाचणी. पंखा सरळ फिरला, धूर ओढायला लागला, बॉयलरवाल्यानं हात वर करून इशारा दिला. दादासाहेब म्हणाले, ते एक फेजचं दाखवा. अविराजनं खटका पाडला. बॉयलरचा काटा होता तिथं राहिला. फिटर मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. एक जण म्हणाला, आपल्याकडं एक जण रजेवर गेला तर दुसरे कधी काम वाटून घेत न्हाईत, मोटरीकडनं शिका. सगळे हसले.

दादासाहेब मात्र हसले नाहीत. माझ्याकडं आले. "सिद्धूआबा, रेघा-बिघा मला कळत न्हाईत. तुमचा कान काय म्हणतो ते सांगा. तुमी हो म्हणाला तर हो. न्हायतर आजच परत घिऊन जावा, मी जुनी चालवतो."

परत घेऊन जावा. म्हणजे मोटर परत माझ्या दुकानात. आणखी चार महिने, सहा महिने. चाकणची कंपनी काही थांबणार नाही. मनिषा मग इथंच. पंपाचं काम तिला येतंच. गोजरबाईला सोबत. आणि रोज सकाळी शटर उघडलं की ही मोटर समोर.

ड्रायव्हर लावला. एक फेज बंदच होता. चौघी भार ओढत होत्या.

तो होता. वायरी सगळ्या जागेवर, शिक्का शाबूत आणि तरीही होता. आजवर इतका जवळून आला नव्हता. दोरा दाताखाली, तोंड मिटलेलं, कामात मान खाली.

मी बराच वेळ तसाच वाकून होतो. मान वर केली तेव्हा सगळे माझ्याकडं बघत होते. मनिषा बघत नव्हती. ती पेटीचं दार धरून खाली बघत होती, निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तशी.

म्हटलं, "काय न्हाय. साफ चाललीय. घ्या."

दादासाहेबांनी माझा हात दोन्ही हातात धरला. मग मी म्हटलं, "एकच सांगणं हाय. ह्या मोटरीला मला बोलवू नका. ग्रीस, बेअरिंग, काय असंल ते अविराज बघंल. त्याला सगळं दाखवलंय."

"का वो? रुसला काय आमच्यावर?"

"वय झालं, साहेब. कान गेला."

धंद्यात आजवर गिऱ्हाइकाला मोटरीबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. आज एका मोटरीबद्दल दोनदा सांगितलं.

घरी येताना गाडी मनिषा चालवत होती. लासुर्ण्याच्या पुढं आल्यावर म्हणाली, "मामा, मला पण येतो ऐकू."

मी रस्त्याकडं बघत राहिलो.

"पयल्या दिवसापासनं. तुमी म्हणाला आतनं हम येतोय, तवाच. मीटरवर काहीच दिसत नव्हतं. हो म्हणाले असते तर मी हितनं कधीच हलले नसते."

म्हटलं, मग मीटर एकदा तपासून घ्यायला पाहिजे. ती हसली, हसता हसता डोळे पुसले आणि अंथुर्णं येईपर्यंत गाडी जरा हळू चालवली.


१ एप्रिल, मंगळवार

मनिषा गेली. एसटीला बसवून आलो. गोजरबाईनं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला. डबा परत द्यायला ये, असं दोनदा बजावलं. पाडव्याला अविराज पेढे घेऊन आला होता, तेव्हा चाकणच्या खोलीचा पत्ता मनिषानं त्याला स्वतःहून लिहून दिला. मी हे ऐकलं. ऐकलं आणि पंपाचं काम करत राहिलो. पंपात दुसरा कसला आवाज नव्हता.


९ एप्रिल, बुधवार

गोजरबाईच्या डोळ्यांना पाणी येतंय, म्हणून बारामतीला डॉक्टरांकडं नेलं. मोतीबिंदूची सुरुवात आहे, घाई नाही म्हणाले.

परत येताना मिलच्या भिंतीकडच्या रस्त्यानं आलो. दुसऱ्या रस्त्याचं काम चाललंय, सगळी वाहनं इकडूनच वळवली आहेत. लांबूनच चिमणी दिसली. धूर निघत होता, म्हणजे पंखा चालू. भिंत जवळ आली तशी मी माझ्या बाजूची काच वर केली.

गोजरबाई म्हणाली, उकडतंय, काच कशाला वर करता? म्हटलं, धुराळा हाय.

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. पदर कानामागं घेतला आणि तिच्या बाजूची काच पार खालपर्यंत नेली.